ओइवाकाकांच्या बर्फगाडीचा शास्त्रशुद्ध तपास

पहिला बार मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी निघाला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती मी तिथल्या तिथे वहीत लिहून ठेवली. त्या थंडीत शाई गोठून गेली असती तर किती बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण मी पेन्सिल वापरतो. उणे सत्तावीस अंशांत पेन्सिलच चालते, हे मला ठाऊक होतं. मला अशा पुष्कळ गोष्टी ठाऊक होत्या.

बार असा की, दुकानासमोरच्या ढिगावरून बर्फगाडी खाली उतरली आणि सायलेन्सरमधून जो आवाज निघाला, त्याने शेजारच्या बर्चच्या झाडावरचं सगळं बर्फ एकदम खाली आलं. दुकानाच्या पायरीवर पेंत्ती उभा होता. पेंत्तीने चाळीस वर्षं जंगलात यांत्रिक करवत चालवली, त्यामुळे त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तो मागे वळून म्हणाला, "कोणी हाक मारली का?"

गाडी ओइवाकाकांची. काकांचा डावा गुडघा नुकताच बदलून आणला होता आणि पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी रेनडिअर हाकायचे होते. जंगलात विखुरलेला सगळा कळप गाड्यांची रांग धरून कुंपणात आणायचा. त्या रांगेत प्रत्येक घराची एक ठरलेली जागा असते. काकांची जागा डावीकडे, दलदलीच्या कडेला, फाटकापासून अगदी जवळ. एकतीस वर्षं ती आमच्या घराकडे आहे. घरातून कोणी गेलं नाही तर शेजारी ती सांभाळतो, कोणी काही बोलत नाही आणि पुढच्या वर्षी ती त्याची झालेली असते.

"तू जाशील," काका म्हणाले. हा काही प्रश्न नव्हता. मी ओउलूच्या विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलो होतो, दिवसभर नोकरीचे अर्ज पाठवत होतो आणि ताइमीकाकूच्या हातचं खात होतो. मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रेनडिअर वाऱ्याला भीत नाहीत, लांडग्याला बेतानेच भितात, पण अचानक झालेल्या धडाक्याने सातशे जनावरं एका क्षणात एकमताने निर्णय घेतात. म्हणजे अकरा दिवसांत बार बंद व्हायलाच हवा होता.

आमच्या गावात सल्ला कोणी मागत नाही आणि कोणी उघडपणे देतही नाही. माणूस येतो. गाडीजवळ उभा राहतो. दहा मिनिटं बघतो. मग आत येऊन दोन कप कॉफी पितो, हवेबद्दल बोलतो आणि निघताना दाराच्या कडीवर हात ठेवून, दुसऱ्याच कोणाशी तरी बोलल्यासारखा एक शब्द टाकतो. हाच सल्ला. तो टिपायला आपण जागं असावं लागतं.

बुधवारी शाळेची बस चालवणारा इल्पो आला. कडीवर हात ठेवून म्हणाला, "प्लग." मी दोन्ही प्लग काढले. रंग छान तपकिरी, फट नियमाप्रमाणे. तरीही नवे बसवले. दलदलीपर्यंत गेलो, येताना दोन बार. वहीत नोंद.

गुरुवारी पेंत्ती आला. "उंदीर," तो म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला, कारण तो सगळंच मोठ्याने म्हणतो. मी मनातल्या मनात हसलो. मग हवेचा डबा उघडला, तर आत खरोखरच काकूच्या लोकरीचं सुबक घरटं आणि त्यात मालक. मालक माझ्या बाहीवरून स्वयंपाकघरात गेला. बार तसेच राहिले. या सबंध तपासातून गावाला ठोस असं काही मिळालं असेल, तर तो आमच्या स्वयंपाकघरातला उंदीर.

शुक्रवारी हान्नेस आला. हान्नेस म्हणजे कळपाचा मुकादम. हाकाऱ्यात त्याचा शब्द शेवटचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही तोच. त्याने दहाऐवजी वीस मिनिटं गाडी बघितली, तीन कप कॉफी घेतली आणि दारात म्हणाला, "हं."

काका आतून ओरडले, "काय म्हणाला हान्नेस?"

"हं."

"लांब की आखूड?"

"मध्यम."

काकांनी छताकडे बघून विचार केला. "मग कार्बोरेटर."

मी कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला. पलीकडच्या अर्ध्या टेबलावर काकू काळ्या पावाचं पीठ मळत होती. जेट नावाचा त्यातला एक बारीक पितळी तुकडा हरवला. काकांच्या डब्यात जादा होता, तो लावला. हरवलेला जेट शनिवारी सापडला, म्हणजे काकांच्या दाढेला सापडला. बार चालूच.

या सगळ्यात काकू रोज सकाळी तीच गाडी घेऊन दुकानात जात होती आणि दूध घेऊन परत येत होती. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "माझ्याकडे नाही फुटत." मी तिला नीट समजावलं की ती सपाट रस्त्यावरून हळू जाते, शिवाय दिवसाला एकच फेरी म्हणजे नमुना लहान, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तिने मान डोलावली. काकू मान डोलावते तेव्हा तिला पटलेलं नसतं, हेही मला ठाऊक होतं. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही.

मधल्या मध्ये पोलीस उपटले. तळ्याकाठच्या लाकडी घरात दक्षिणेतून सुट्टीला आलेल्या एका बाईंनी तक्रार केली की गावात दुपारी कोणीतरी बंदूक चालवतं. आमची पोलीसबाई राइया दीडशे किलोमीटर लांब बसते. तिचा फोन आला.

"तूच ना तो?"

"बंदूक नाही, राइया. गाडी आहे."

"माहीत आहे मला. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण तक्रार आली म्हणजे खुलासा हवा. संगणकावर अर्ज आहे, तो भर."

अर्जात पहिलाच रकाना 'शस्त्राचा प्रकार'. रायफल, शॉटगन, पिस्तूल, इतर. मी प्रामाणिकपणे 'इतर' निवडलं. लगेच परवाना क्रमांक मागितला, आणि तो दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. मी गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक घातला. लांबी विचारली, मी मोजून दोनशे ब्याण्णव सेंटीमीटर लिहिली. रकाना रिकामा सोडणं माझ्या शिक्षणात बसत नाही. आठवड्याने पत्र आलं की माझं इतर प्रकारचं शस्त्र नोंदलेलं नाही, त्याची लांबी संशयास्पद आहे आणि ते चौदा दिवसांत काडतुसांसह जमा करावं. काकांनी ते पत्र फ्रिजवर लावलं. अजून आहे.

पण हे सगळं किरकोळ. शरमेची गोष्ट पुढे आहे.

शनिवारपर्यंत वहीत एकोणीस बार जमले होते आणि मला त्यांत एक आकृती दिसायला लागली. सपाटीवर एकही बार नाही. सगळे खडबडीत जागी, उंचवट्यांवर. म्हणजे गाडी उसळली की काहीतरी होतं. टाकीच्या तळाशी बसलेलं काय उसळतं? पाणी! पेट्रोलात पाणी असेल तर ते खाली बसतं, धक्का बसला की ढवळतं, कार्बोरेटरमध्ये जातं, ठिणगी चुकते, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचतं आणि पुढच्या ठिणगीला फुटतं. इतकी सुंदर उपपत्ती मला विद्यापीठात सहा वर्षांत सुचली नव्हती. काकूच्या सपाट रस्त्याचंही त्यात उत्तर होतं.

पेट्रोल अर्थातच गावच्या पंपाचं. पंप तार्मोचा, दुकानही त्याचंच. त्याच्या वडिलांनी तो बसवला. पुढचा पंप चौसष्ट किलोमीटरवर शहरात. मी तार्मोकडून एक डबा पेट्रोल आणलं आणि प्रयोगशाळेत शिरलो.

प्रयोगशाळा म्हणजे सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेत बसायच्या न्हाणीच्या, बाहेरची खोली. घरात काही नीट, स्वच्छ करायचं असेल तर दुसरी जागाच नाही. काका तिथेच जन्मले, मासे तिथेच खारवले जातात, माझ्या पहिल्या सायकलीला रंगही तिथेच लागला. पेट्रोल सौनाजवळ नेणं हा एक स्वतंत्र मूर्खपणा आहे, भट्टी विजेची असली तरीही. तो कोणी करू नये. पण माझ्या त्या दिवसाच्या मूर्खपणांत तो बराच खालच्या क्रमांकावर येतो.

शनिवार, म्हणजे सौनाचा दिवस, असल्यामुळे आत काका बसले होते. डॉक्टरांनी नव्या गुडघ्याला सौना नको म्हणून बजावलं होतं. काका डॉक्टरांचा मान राखतात. त्यांनी गुडघा दाराबाहेर ठेवला आणि बाकीचे काका आत बसले. दार तेवढं उघडं राहिलं, इतकंच. ते दगडांवर पाणी टाकत होते, आणि मी बाहेर, त्यांच्या पायाच्या बाजूला, शेडमधून आणलेल्या काचेच्या तीन बरण्या मांडून त्यांत पेट्रोल ओतत होतो.

"काय करतोस रे?" आतून आवाज.

"पाणी शोधतोय."

"इकडे आहे की बादलीभर."

तासाभराने तिन्ही बरण्यांच्या तळाशी करंगळीच्या नखाएवढं पाणी दिसलं. अगदी स्वच्छ, गोल, पेट्रोलाखाली थरथरणारं. मला इतका आनंद झाला की मी काकांच्या गुडघ्यावर थाप मारली. पुढची पाच मिनिटं इथे सांगत नाही.

सोमवारी मी दुकानात गेलो. हातात कागद: 'गावच्या पंपावरील पेट्रोलात पाणी असल्याचे प्राथमिक निरीक्षण. नमुने तीन, तिन्ही सकारात्मक. नीलो, एम.एस्सी.' प्राथमिक हा शब्द मी मुद्दाम घातला होता. मला वाटलं होतं लोक तो वाचतील.

तार्मो गल्ल्यामागे होता. साठीचा माणूस, दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा वापरत नाही. मी म्हणालो, "तार्मो, हे फळ्यावर लावायचं होतं. लोकांच्या हिताचं आहे." त्याने कागद घेतला. सावकाश वाचला. मग खण उघडून मला एक टाचणी दिली.

"चार लागतील," मी म्हणालो. "कोपरे उडतात."

त्याने आणखी तीन दिल्या.

हे मी आजही रात्री आठवतो, म्हणजे आठवावं लागत नाही, ते आपोआप येतं. त्या माणसाने स्वतःच्या पंपाविरुद्धचा कागद लावायला मला चार टाचण्या दिल्या, आणि मी 'थँक यू' म्हणून त्या मोजून घेतल्या.

त्या आठवड्यात गाव शहरात जाऊन पेट्रोल भरून आलं. तार्मोला कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट शरमेपोटी प्रत्येक जण दुकानात जाऊन नको असलेल्या वस्तू घेऊ लागला. पाव दुपारीच संपायचे. सॉसेज संपलं. इल्पोने, ज्याच्या घरी जनावर नाही, कुत्र्याचं खाणं नेलं. पंपाला मात्र कुलूप होतं. ते तार्मोनेच लावलं होतं.

आणि शनिवार उजाडला.

मी शहरातलं पेट्रोल भरून आमच्या जागेवर उभा होतो. सगळं अगदी शिस्तीत चाललं. कळप जंगलातून बाहेर आला, दलदलीच्या कडेने पुढे सरकला. सातशे रेनडिअर चालतात तेव्हा त्यांच्या पायांच्या सांध्यांची बारीक टकटक ऐकू येते, तेवढीच. फाटक समोर उघडं. आघाडीची मादी फाटकापासून तीस मीटरवर. मला पुढचं नीट दिसावं म्हणून मी गाडीवर उभा राहिलो. इंजिन थोडं अडखळलं. मी खाली बसलो.

बार असा झाला की सहा किलोमीटरवर काकांनी तो घरात ऐकला.

कळप थांबलासुद्धा नाही, जागच्या जागी उलटा झाला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी जंगलात परत गेला. एक रेनडिअर तर माझ्या गाडीच्या पुढच्या टोकावरून उडी मारून गेला. चाळीस माणसं, चाळीस गाड्या, आणि कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. हान्नेस गाडी घेऊन आला. हातमोजा काढला, जंगलाकडे पाहिलं, हातमोजा परत घातला.

"बरं," तो म्हणाला. "कॉफी."

शेकोटीभोवती बसलो. एखाद्याने शिवी दिली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो. कोणीतरी माझ्या हातात कप दिला, त्यात दोन चमचे साखर. आमच्याकडे आजाऱ्याला अशी कॉफी देतात.

इल्पो निखाऱ्यांकडे बघत म्हणाला, "पेट्रोल कुठलं?"

"शहरातलं."

"हं. आमचंही."

शेकोटीच्या पलीकडे तार्मो चाकूने सॉसेज कापत होता. त्याच्या टाकीत त्याचंच पेट्रोल होतं आणि त्याची गाडी सबंध दिवसात शिंकलीसुद्धा नव्हती.

उठताना इल्पोने कानाशी सांगितलं, "येत्या गुरुवारचा पेट्रोलचा टँकर थांबवलाय तार्मोने. गेल्या गुरुवारीही थांबवला होता. तिसऱ्यांदा थांबवला की कंपनी थांबाच काढून टाकते. मग इथे कोणी येत नाही."

रविवारी सकाळी मी गाडीचं इंजिन उतरवायला अवजारं मांडली. काकू बादली घेऊन बाहेर आली.

"चालव," ती म्हणाली.

"काकू, त्यात काय बघायचंय?"

"गाडी सगळ्यांनी बघितली. तुला चालवताना कोणी बघितलं नाही. चालव."

मी अंगणातल्या ढिगावरून गेलो. उभा राहिलो, बसलो. बार.

"परत."

उभा राहिलो, बसलो. बार. पलीकडच्या घरातून कुत्रं केकाटलं.

"उभा का राहतोस?"

"पुढचं दिसावं म्हणून."

"आणि हे पोटाला काय लोंबतंय?"

ते म्हणजे सुरक्षेची दोरी. तिचं एक टोक आपल्या कोटाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची टोपी हँडलजवळच्या बटणावर बसते. माणूस गाडीवरून पडला की टोपी निघते आणि इंजिन बंद. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय की ती नेहमी लावावी. गावात कोणी लावत नाही, सगळे हँडलला गुंडाळून ठेवतात. मी लावतो. आणि ती मध्ये मध्ये येते म्हणून मी पहिल्याच दिवशी तिला नीटनेटकी गाठ मारून आखूड केली होती. दोन गाठी, खरं तर. माझी उंची एक मीटर एक्याण्णव. उभं राहिलं की टोपी अर्धी उचलली जायची, ठिणगी बंद व्हायची, इंजिन मात्र फिरत राहायचं आणि पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जायचं. बसलं की टोपी जागेवर, ठिणगी सुरू, आणि बार. हे सगळं मला एका क्षणात समजलं. पदवीचा एवढा उपयोग झाला.

"मी सांगितलं होतं, माझ्याकडे नाही फुटत," काकू म्हणाली.

"मी तुझा नमुना लहान समजलो."

"उंचीने आहेच की मी लहान," ती म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

मी गाठी सोडल्या. ढिगावरून वीस वेळा गेलो. वीस वेळा काही नाही. मग बर्फात उभा असताना दुसरा विचार आला आणि मला उणे वीसमध्ये घाम फुटला. पेट्रोलात दोष नव्हता, तर बरणीतलं पाणी कुठून आलं?

घरात गेलो. "काका, सौनात बसा."

"कालच बसलो."

"शास्त्रासाठी."

काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता कुबड्या घेतल्या. "गुडघा?"

"बाहेर. दार तेवढंच उघडं. पाणी तसंच टाका."

मी शेडमधून त्यातलीच एक बरणी आणली, कडक थंड, आणि तिथेच बाकावर ठेवली. या वेळी तिच्यात काहीच ओतलं नाही. आतून वाफ येत होती. बरणीच्या आतल्या अंगाला आधी पांढरं हिम धरलं, मग ते वितळून खाली ओघळलं. तासाभराने रिकाम्या बरणीच्या तळाशी करंगळीच्या नखाएवढं पाणी होतं. स्वच्छ, गोल.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवतात, की आधी रिकामी बरणी तपासा. तिथे मी पहिल्या बाकावर बसायचो.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. रात्री लिहिलेला कागद तार्मोपुढे ठेवला: 'नमुने हाताळण्यातील त्रुटीमुळे पूर्वीचे निरीक्षण मागे घेण्यात येत आहे.'

तार्मोने वाचला. "त्रुटी कोणाची?"

"माझी."

"इथे नाही दिसत."

त्याने पेन दिलं. मी गल्ल्यावरच पुन्हा लिहिलं: 'पेट्रोलात पाणी नव्हतं. पाणी सौनाच्या वाफेचं होतं. बरण्या मी तिथे उघडल्या. रिकामी बरणी मी आधी तपासली नाही. गाडीचे बार निघत होते, कारण सुरक्षेच्या दोरीला मी दोन गाठी मारल्या होत्या. शनिवारी कळप माझ्यामुळे उधळला. तार्मोच्या पेट्रोलात काहीही दोष नाही. नीलो.'

"एम.एस्सी. लिहू का?" मी चाचरत विचारलं. "बरं नाही दिसणार."

"पहिल्या कागदावर लिहिलं होतंस ना?"

मी एम.एस्सी. लिहिलं. फळ्याकडे निघालो तर तो म्हणाला, "लावू नकोस. बस." खिडकीजवळच्या कॉफीच्या टेबलाकडे त्याने हनुवटी केली. मी बसलो. दाराची घंटा वाजली, पेंत्ती आत आला.

"वाच," तार्मो म्हणाला.

मी वाचलं.

"काय?" पेंत्ती म्हणाला.

मी मोठ्याने वाचलं.

"काय?"

तिसऱ्यांदा मी अशा आवाजात वाचलं की बाहेर गाडी लावणारा इल्पो जागीच थांबला. पेंत्तीने सगळं ऐकून घेतलं, विचार केला. "म्हणजे उंदीर नव्हता?"

"उंदीर होता. पण त्याचा दोष नव्हता."

"हं," पेंत्ती म्हणाला आणि बाहेर जाऊन पंपाशी उभा राहिला. तार्मो किल्ली घेऊन त्याच्यामागे गेला.

असं दिवसभर चाललं. घंटा वाजायची, तार्मो "वाच" म्हणायचा, मी उभा राहून वाचायचो. बसून वाचता येत नव्हतं, तसं कोणी सांगितलं नव्हतं तरी. माणूस ऐकायचा, टोपी घालायचा, बाहेर जाऊन टाकी भरायचा. ज्याची टाकी भरलेली होती तो घरून डबा आणायचा. इल्पोने फक्त एवढंच विचारलं, "दोन गाठी?" मी म्हणालो, "दोन." हान्नेसने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बुधवारी परत हाकायचंय. तुमच्या जागेवर ताइमीला पाठव." मी मान हलवली. जागा घरातच राहिली होती. ती राखायला मी नव्हतो, एवढंच.

तीनच्या सुमारास बाहेर आमची गाडी थांबली. काकू चालवत होती आणि मागे जोडलेल्या लाकडी घसरगाडीत घोंगडी पांघरून ओइवाकाका बसले होते. कुबड्या टेकत ते आत आले आणि टेबलाशी उभे राहिले.

मी म्हणालो, "काका, तुम्हाला माहीतच आहे सगळं."

"वाच," काका म्हणाले. तार्मोने काही म्हणायच्या आधीच.

मी परत उभा राहिलो. वाचून झालं. काकांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला.

"गुडघ्याचं नाही लिहिलंस."

"गुडघ्याचं काय?"

"दार माझ्या गुडघ्याने उघडं होतं. डॉक्टर नको म्हणाले होते. लिही."

"त्याची गरज नाही, काका."

"तू शास्त्रज्ञ आहेस ना? मग सगळं लिही." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, खाली मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'दार उघडं होतं, ओइवा,' आणि तार्मोकडे न बघता म्हणाले, "कॉफी आहे का?"

तार्मोने तीन कप ओतले. त्याने मला साखर विचारली नाही, घातलीही नाही. ते मला फार बरं वाटलं.

दुकान बंद करताना त्याने फोन उचलला आणि टँकरवाल्याला सांगितलं की गुरुवारी या, टाकीत जागा आहे. मग फोन ठेवून म्हणाला, "जंगलखात्याची माणसं राहिली. ती गुरुवारी येतात."

"येतो," मी म्हणालो.

गुरुवारी जंगलखात्याची चार माणसं आली, त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्यापाठोपाठ टँकर वळून आत आला. ड्रायव्हर खाली उतरला, जाड नळी ओढत जमिनीतल्या टाकीच्या तोंडाशी नेली. तो या गावचा नाही, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कागद खिशात घालणार, तेवढ्यात तार्मो म्हणाला, "वाच."

टँकरचं इंजिन चालू होतं, म्हणून ओरडून वाचावं लागलं. ड्रायव्हर नळी हातात धरून गाठींपर्यंत, कळपापर्यंत, काकांच्या गुडघ्यापर्यंत सगळं ऐकत राहिला.

"हे मला का सांगतोयस?"

मी तार्मोकडे पाहिलं. तार्मो म्हणाला, "सगळ्यांना सांगतोय तो."

ड्रायव्हरने रस्त्यावरच्या घरांवरून नजर फिरवली. "किती माणसं आहेत इथे?"

"एकसष्ट."

"मग संपेल लवकर," तो म्हणाला, खाली वाकला आणि त्याने झडप उघडली.